घोडी नीट, तर सूर नीट

वर्ध्याचा उन्हाळा माणसाला सोसवत नाही, तिथे लाकडाची काय कथा! मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत. आणि पाऊस लागला की तीच हवा दमट होते. पावसाळ्यात दारे फुगून अडतात, हे घरोघरी ठाऊक आहे. मुलाने हट्टाने घ्यायला लावलेली इलेक्ट्रिक गिटारही लाकडाचीच. तिची लांब मान ऋतूप्रमाणे कणभर वाकते आणि काल गोड वाजणारे वाद्य आज बेसूर वाटू लागते. ‘वाद्यच हलके निघाले’ म्हणत मुलगा हिरमुसतो आणि गिटार पलंगाखाली जाते. पुष्कळदा तिला हवी असते ती फक्त थोडी जुळवाजुळव.

तारा ज्या आधारावरून जातात ती घोडी. सतारीला, तंबोऱ्याला असते तशी गिटारलाही असते. तिथे तिला ब्रिज म्हणतात. 1954 साली गिब्सनचा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आणि फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आली. दोन्हींत प्रत्येक तारेला स्वतंत्र बैठक होती आणि ती स्क्रूने पुढे-मागे सरकवता येत होती. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींत हीच सोय असते.

आधी नव्या तारा चढवून त्या सुरात लावाव्यात. मग उंची पाहावी. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत दीड ते दोन मिलिमीटर अंतर साधारण ठीक. कमी असेल तर तार पडद्यांना घासून खरखरते. जास्त असेल तर बोटे दुखतात.

आता खरी परीक्षा. तारेचा मोकळा सूर ऐका, मग ती बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच सूर वरच्या सप्तकात नेमका यायला हवा. चढा आला तर बैठक मानेपासून दूर न्या, उतरला तर मानेकडे आणा. दर वेळी मोकळी तार पुन्हा लावून घ्या. दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून तिची लांबी किंचित वाढवायची. जाड तारेला ही भरपाई सहसा जास्त लागते, म्हणून बैठकी तिरप्या रांगेत दिसतात. मानेतल्या लोखंडी सळईला मात्र जाणत्यानेच हात लावावा.

घोडीचे हे महत्त्व आपल्याकडे नवे नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा माथा कानसीने हलकेच घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तार त्या माथ्याला अलगद स्पर्शत राहते, म्हणूनच तो भरलेला, गुंजणारा नाद उमटतो. तिथे मोजपट्टी चालत नाही. चालतो तो कान.

कानसीने एकदा जास्त घासले गेलेले परत येत नाही. गिटारचा स्क्रू मात्र चुकला तर उलटा फिरवता येतो. तेव्हा पलंगाखालची गिटार बाहेर काढा, छोटा स्क्रू-ड्रायव्हर मुलाच्या हाती द्या आणि त्याला ऐकू द्या. वाद्य सुधारेलच, कानही तयार होईल.