मुलुंडच्या वेबसाइटवर अ‍ॅशबर्नचे पाहुणे

दिवाळी जवळ आली की मुलुंड-घाटकोपरचे घरगुती फराळवाले जाहिरातीचे पैसे कुठे घालायचे याचा हिशोब मांडतात. बोरिवलीतले क्लास आणि अंधेरीतले छोटे डिझायनर यांचंही आपापल्या हंगामात तेच चालतं. हल्ली या हिशोबात गूगल अ‍ॅनालिटिक्सचा रिपोर्ट समोर असतो. त्यातल्या नोंदी बहुधा प्रामाणिक असतात. चुकतो तो आपण लावलेला अर्थ, आणि त्या चुकीचे पैसे छोट्या धंद्याच्या खिशातून जातात.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज ‘डायरेक्ट’ या रकान्याचा आहे. तिथे मोठा आकडा दिसला की वाटतं, लोकांना आपल्या वेबसाइटचा पत्ता पाठ झाला, आता आपलं नाव झालं. प्रत्यक्षात असं घडतं: एका वेबसाइटवरून दुसरीवर जाताना ब्राउझर साधारणपणे आधीच्या साइटचा पत्ता सोबत पाठवतो. तो आला नाही आणि दुसरी कसली खूणही नसली, की ती भेट डायरेक्टमध्ये टाकली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक, मेन्यूच्या पीडीएफमधली लिंक, एसएमएस, गणपतीच्या मंडपातल्या बॅनरवरचा क्यूआर कोड या वाटांनी आलेले लोक बहुतेक वेळा इथेच जमा होतात. उपनगरात फराळाची, क्लासची, फिजिओथेरपिस्टची शिफारस सोसायटीच्या ग्रुपवर होते. म्हणजे डायरेक्टच्या त्या ढिगात तोंडोतोंडी झालेल्या प्रसिद्धीचा मोठा वाटा असू शकतो. ‘लोक आपोआप येताहेत’ असं समजून ग्रुपवर मेसेज टाकणं थांबवणारे मग पुढच्या हंगामात गोंधळतात.

यावरचा उपाय फुकट आहे. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन यूटीएमची खूण जोडायची. सोसायटीच्या ग्रुपसाठी एक, बॅनरसाठी दुसरी, गूगल मॅप्सवरच्या आपल्या दुकानाच्या नोंदीसाठी तिसरी. गूगलने 2005 मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेतली, तिच्याकडून ही पद्धत आली आणि आजही ती चालते. एक पथ्य मात्र पाळा: आपल्याच साइटच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंकला ही खूण लावू नका. लावलीत तर ग्राहक मुळात कुठून आला होता, ती नोंदच बिघडते.

दुसरा गैरसमज शहराचा. ‘मुंबईहून 400 लोक आले’ असं रिपोर्टने सांगितलं, तर ते मुंबईत बसून बघत होते असं आपण धरून चालतो. रिपोर्टला माणसाचा ठावठिकाणा माहीत नसतो. आयपी अ‍ॅड्रेसवरून शहराचा अंदाज बांधलेला असतो, आणि मोबाइल इंटरनेटवर तो अंदाज आणखी ढिला होतो. मोबाइल कंपन्या एकेक आयपी अ‍ॅड्रेस अनेक ग्राहकांत वाटून वापरतात, आणि तो अ‍ॅड्रेस ग्राहकाच्या गावाऐवजी कंपनीच्या केंद्राच्या गावावर नोंदलेला असू शकतो. दूरसंचार परवान्यांच्या हिशोबात मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि त्यात नवी मुंबई व कल्याणही येतात. त्यामुळे कल्याणचा ग्राहक मुंबईकर म्हणून दिसू शकतो आणि मुलुंडच्या घरातलं वायफाय ठाण्याचं. अंधेरी आणि बोरिवली यांतला फरक तर या अंदाजातून शोधूच नये. 400092 या पिनकोडवर किती मागणी आहे, ते ऑर्डरच्या पत्त्यांवरून मोजायचं.

अंदाजालाच पत्ता मानलं की काय होतं, हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर दिसलं. मॅक्समाइंड ही कंपनी आयपी अ‍ॅड्रेसचे नकाशे पुरवते. ज्या अ‍ॅड्रेसबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढंच माहीत होतं, ते सगळे तिने देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर टाकले होते. असे 60 कोटींहून जास्त अ‍ॅड्रेस त्या एका शेतावर जाऊन पडले. इंटरनेटवरच्या गुन्हेगारांचा माग काढत पोलीस आणि संतापलेले लोक वर्षानुवर्षं त्या घराच्या दारात येत राहिले. 2016 मध्ये ही गोष्ट बाहेर आल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून एका तळ्यात नेला.

आता अ‍ॅशबर्न. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं हे गाव शहरांच्या यादीत अचानक वर येतं आणि परदेशी फराळ पाठवणाऱ्याला आनंद होतो. अ‍ॅशबर्नच्या परिसरात जगातली सर्वांत दाट डेटा सेंटर वसती आहे, आणि तिथून येणाऱ्या अनेक भेटी यंत्रांच्या असतात. ओळखीचे बॉट अ‍ॅनालिटिक्स स्वतःच गाळतं, पण साध्या ब्राउझरचं सोंग घेणारे निसटतात. तरीही यादीतून अ‍ॅशबर्न सरसकट खोडू नका, कारण त्याच लाउडन काउंटीत भारतीय कुटुंबंही बरीच राहतात. भेट किती वेळ टिकली, दुसरं पान उघडलं का, पाठवणीचे दर पाहिले का, हे तपासा. एका सेकंदात परतणारा चकली मागवत नाही. आणि यंत्रं परदेशातच असतात असंही नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई केंद्र 2016 पासून सुरू आहे, त्यामुळे ‘मुंबई’ दिसणारी भेटही यंत्राची असू शकते.

तिसरी गफलत श्रेयाची. ‘गूगलवरून आला’ म्हणजे गूगलमुळेच कळलं, असं नाही. बोरिवलीहून लोकलने अंधेरीला उतरून, तिथून मेट्रोने घाटकोपरला आलेल्या माणसाच्या मेट्रो तिकिटावर फक्त अंधेरी दिसते, बोरिवली नाही. तसंच बहिणीकडून तुमचं नाव ऐकलेला ग्राहक ते गूगलवर शोधतो आणि नोंद गूगलच्या नावावर पडते. लोकांनी काय टाइप करून तुम्हाला शोधलं, ते गूगलच्याच सर्च कन्सोल या साधनात बघा. तिथे तुमच्या दुकानाचं नावच वारंवार दिसत असेल, तर ओळख आधीच कुठेतरी झालेली आहे.

‘युजर’ म्हणजे माणूस नव्हे, हेही थोडक्यात. एकच बाई फोनवर दर बघून लॅपटॉपवर ऑर्डर देतात तेव्हा त्या सहसा दोन युजर होतात.

म्हणून ऑर्डरच्या फॉर्मवर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा प्रश्न ठेवा आणि उत्तराची जागा मोकळी सोडा. पर्याय दिले की घाईतला माणूस पहिलाच निवडतो. मोकळ्या जागेत तो ‘सोसायटीतल्या काकूंनी सांगितलं’ असं लिहितो, आणि ती नोंद कुठल्याच रिपोर्टमध्ये सापडत नाही.