फुकटची पिशवी कोणाला परवडते? कागद, प्लॅस्टिक आणि कापड यांचा दुकानदारी हिशेब

तराजू, गल्ला आणि उधारीची वही यांच्या जोडीला दुकानदाराला आणखी एका वस्तूची काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे पिशवी. गिऱ्हाईक हात हलवत येते, माल घेते आणि "पिशवी द्या" म्हणते. दिली नाही तर ते शेजारच्या दुकानात जाते, आणि दिली तर दंडाची भीती असते. सांगलीहून पेठनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे आष्टा हे उसाच्या पट्ट्यातील बाजाराचे गाव आहे. येथील बागवान, आत्तार, बेकरीवाले, मटण-चिकनवाले आणि मणेर बंधू यांच्यापुढे ही अडचण रोजची आहे. कोणती पिशवी कोणाला परवडते याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

कायदा काय म्हणतो?

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. गटारे तुंबण्याचा ठपका पातळ पिशव्यांवर आला. पुढे 2006 च्या राज्य नियमांनी 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. त्यानंतर 23 मार्च 2018 रोजी राज्य सरकारने नवी अधिसूचना काढली आणि 23 जून 2018 पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. हॅण्डल असो वा नसो, प्लॅस्टिकची कॅरीबॅग बंद झाली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000 आणि तिसऱ्याला 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे.

आमच्या अनेक बंधूंचा येथे एक गैरसमज होतो. "जाड पिशवी चालते" असे घाऊक विक्रेता सांगतो. केंद्राच्या नियमांत कॅरीबॅगची किमान जाडी 30 सप्टेंबर 2021 पासून 75 मायक्रॉन आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन केली आहे, हे खरे. परंतु महाराष्ट्राचा नियम त्याहून कडक असून तो जाडी पाहत नाही. तीच गोष्ट 'बायो' असे छापलेल्या पिशव्यांची. नुसत्या छापील शब्दाला किंमत नाही, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते.

कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत नॉन-वोव्हन पिशव्याही मुळात प्लॅस्टिकच्याच धाग्याच्या असतात. केंद्राच्या नियमाप्रमाणे अशी पिशवी चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची हवी. ती घेताना पक्के बिल घ्यावे, बिलावर जीएसएम लिहून घ्यावा आणि नगरपरिषदेत दाखवून खात्री करावी. कारखानदार दूर असतो, पण दंडाची पावती दुकानदाराच्या नावाने फाटते, हे विसरू नये.

कागदाची मर्यादा

रद्दीच्या पुड्या आपल्या बाजाराला नव्या नाहीत. मैद्याची खळ लावून घरोघरी पुड्या चिकटवल्या जात. बांगड्या, दोरे, खिळे, मोळे यांना त्या आजही उत्तम. पण खाण्याच्या पदार्थांना छापील कागद चालत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या वेष्टनविषयक नियमांनुसार 1 जुलै 2019 पासून वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई आहे. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये तेलात सहज उतरतात. म्हणून खारी, नानकटाई, समोसा, भजी यांना कोरा खाकी किंवा पांढरा कागदच वापरावा. शिवाय कागद ओला झाला की फाटतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असताना भाजी आणि मटणाला कागदाचा भरवसा धरता येत नाही.

कापडाचा खरा हिशेब

कापडी पिशवी म्हणजे सर्व काही चांगले, असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कापूस पिकवणे, सूत, विणकाम, वाहतूक यांत जळणारे इंधन धरले, तर नवी सुती पिशवी 131 वेळा वापरल्यावर कोठे ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, असा त्याचा निष्कर्ष होता. कागदी पिशवीला हा आकडा 3, तर नॉन-वोव्हनला 11 होता. हा हिशेब फक्त हवामानावरील परिणामाचा आहे. ओढा तुंबणे किंवा पिशवी गाईच्या पोटात जाणे त्यात धरलेले नाही, आणि आपल्या गावात त्रास होतो तो याच गोष्टींचा. तरीही त्यातून एक गोष्ट शिकावी. आठवड्यातून एकदा बाजाराला नेलेली पिशवी 131 फेऱ्यांना अडीच वर्षे घेईल, तर रोज नेलेली साडेचार महिन्यांत तेवढ्या फेऱ्या करील. लग्नात किंवा जाहिरातीसाठी वाटलेली आणि खुंटीवर लटकलेली पिशवी कोणाच्याच कामाची नाही.

जुन्या कापडाला हा आकडा तसा लागू होत नाही, कारण त्यासाठी नवा कापूस लागत नाही. जुनी चादर, पॅन्ट, शिंप्याकडचे उरलेले तुकडे यांची पिशवी सर्वांत स्वस्त. खेड्यातील गिऱ्हाईक खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी वर्षानुवर्षे वापरते. मात्र तिच्यात उघडे धान्य वा खाद्यपदार्थ ठेवू नयेत.

शिवणाऱ्या हातांना काम

नवी पिशवी शिवायची तर इचलकरंजीसारखे कापडाचे गाव आपल्याला जवळ आहे. 44 इंची पन्ह्याच्या एक मीटर जाड मांजरपाटात तीन पिशव्या बसतात. साडेचौदा इंच रुंद व 34 इंच लांब असे तीन तुकडे काढावेत. उरलेल्या पाच इंची पट्टीतून सहा बंद निघतात. तुकडा मधे दुमडून दोन्ही बाजू शिवल्या की सुमारे 13 इंच रुंद व 16 इंच उंच पिशवी तयार होते. कोरे कापड धुतल्यावर आकसते, हे बेतताना ध्यानात घ्यावे. बंद जेथे जोडला जातो तेथे चौकोन करून त्यात फुलीची शिलाई घालावी, कारण पिशवी फाटते ती तेथेच. घरी शिवणयंत्र असलेल्या आपल्या भगिनींना यातून दुपारच्या वेळेचे काम मिळू शकते. अट इतकीच की, मागणी कायमची हवी.

ही मागणी कशी टिकेल? समजा, एक दुकान रोज 100 कॅरीबॅग देते आणि प्रत्येकीला 50 पैसे पडतात. वर्षाचे 300 दिवस धरले तर 15,000 रुपये गेले. दंड वेगळाच. त्याऐवजी 25 रुपयांची कापडी पिशवी अनामत घेऊन द्यावी आणि परत आणली की 25 रुपये परत करावेत. एका दुकानाने हे केले तर गिऱ्हाईक कंटाळेल. बाजारपेठेतील दहा-पंधरा दुकानदारांनी मिळून एकच छापाची पिशवी ठेवली, कोणत्याही दुकानात ती परत घेतली आणि आठवड्याला आपसांत हिशेब मिटवला, तर गिऱ्हाइकालाही ते सोयीचे पडेल. अनामत पिशवीच्या किमतीएवढीच ठेवावी. कमी ठेवली तर पिशव्या परत येणार नाहीत आणि पदरचे पैसे जातील.

मटण-चिकनचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ओल्या मालाला कापड नको, तेथे गिऱ्हाइकाचा डबाच बरा. डबा आणणाऱ्याला आधी माल द्यावा, दुकानात झाकणाचे चार डबे अनामतीवर ठेवावेत. डब्याचे वजन आधी करून ते वजा करावे, म्हणजे तक्रार राहत नाही. बकरी ईदला हिस्से वाटताना तर एका दिवसात मोहल्ल्यातून पिशव्यांचा ढीग निघतो. त्या दिवशी घरोघरी डबे फिरले तर नगरपरिषदेच्या गाडीचाही भार हलका होईल.

नुसत्या बंदीने काम होत नाही, हे शेजारच्या बांगलादेशावरून दिसते. पुरात गटारे तुंबल्याच्या अनुभवावरून त्या देशाने 2002 मध्ये, जगात सर्वांत आधी, पातळ पिशव्यांवर बंदी घातली. तरी पिशव्या बाजारात राहिल्याच आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मोठ्या दुकानांपासून पुन्हा अंमलबजावणी सुरू करावी लागली. मुबारक अहमद खान या शास्त्रज्ञांनी तागापासून 'सोनाली' पिशवी तयार केली, पण स्वस्त पर्याय गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचल्याशिवाय गिऱ्हाइकाची सवय मोडत नाही.

आष्ट्यातील व्यापारी बंधूंना आमची सूचना अशी : सुक्या किरकोळ मालाला रद्दीची पुडी, बेकरी मालाला कोरा कागद, फळे-भाजी व किराण्याला अनामतीची कापडी पिशवी आणि मटणाला डबा, अशी वाटणी करावी. पावसाळ्यापूर्वी एक बैठक घ्यावी, त्यात शिंपी बंधूंना व शिवणकाम करणाऱ्या भगिनींनाही बोलवावे, आणि पहिल्या 500 पिशव्यांचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. 25 रुपयांप्रमाणे तो 12,500 रुपये होतो. पंधरा दुकानांत विभागला तर प्रत्येकी साडेआठशेही पडत नाहीत आणि अनामतीतून ते वसूल होतात. इतर गावांतील व्यापाऱ्यांनी असा प्रयोग केला असल्यास आम्हास जरूर कळवावे.