गोल्फचे मैदान आणि नंतरचे जेवण

पुनावळे, ताथवडे, रावेत या भागात शेते जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या, तशी इथल्या रविवारची तऱ्हाही बदलली. हिंजवडीतील संगणक कंपन्यांत किंवा चाकणच्या कारखान्यांत काम करणारी मंडळी सुटीच्या दिवशी गोल्फ खेळावयास जाऊ लागली आहेत. येरवड्याचे पूना गोल्फ क्लबचे मैदान जुने, तर बावधनजवळच्या टेकड्यांतील ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट त्या मानाने अलीकडचे. बायपासने गेले की हे दुसरे ठिकाण आपल्याला जवळ पडते. कोणी कंपनीच्या पाहुण्यांबरोबर जातो, कोणाला मुलगा हौसेने घेऊन जातो. खेळ झाला की तिथेच जेवण होते. सोमवारी यांतले काही जण माझ्या दवाखान्यात येतात. त्यांच्या अनुभवांतून जे शिकण्यासारखे आहे ते इथे सांगतो. ही उदाहरणे निरनिराळ्या ठिकाणची आहेत. कोणत्याही मैदानाला नावे ठेवण्याचा हेतू नाही.

खेळ चांगलाच आहे

'गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे फिरणे, त्यात कसला व्यायाम?' असे पुष्कळांना वाटते. पण अठरा होलचा पूर्ण खेळ पायी खेळला, तर चार-पाच तासांत सहज आठ ते दहा किलोमीटर चालणे होते. साधारण हजारभर कॅलरी खर्च होतात. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा हिशेब एका सकाळीच पुरा होतो. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेने तीन लाख गोल्फ खेळाडूंच्या नोंदी तपासून 2008 साली निष्कर्ष जाहीर केला. त्याच वयाच्या आणि त्याच आर्थिक स्तरातील इतरांपेक्षा या खेळाडूंचे मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्के कमी आढळले. मुळात निरोगी माणसेच खेळावयास जातात, हेही त्यामागे असू शकेल. तरीही चालण्याचा वाटा नाकारता येणार नाही.

मात्र बॅटरीच्या गाडीत बसून चेंडूपर्यंत जाणाऱ्याला हा लाभ पुरा मिळत नाही. गुडघे फारच दुखत असतील तर गाडी जरूर घ्यावी. एरवी निदान अर्धा खेळ पायी खेळावा.

कंबर, कोपर आणि ऊन

एरवी आठवडाभर खुर्चीत बसणारा गृहस्थ रविवारी एकदम शंभर वेळा काठी फिरवतो, तेव्हा कंबर कुरकुर करणारच. त्या फटक्यात मणक्याला पीळ बसतो आणि त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. कोपराच्या आतल्या बाजूचे दुखणे तर 'गोल्फर्स एल्बो' या नावानेच प्रसिद्ध आहे. पहिल्या फटक्याआधी दहा मिनिटे चालावे, खांदे, कंबर व मनगटे सैल करावीत, आणि सुरुवात हलक्या फटक्यांनी करावी. दुखू लागले की थांबावे. गोळी घेऊन खेळू नये.

एप्रिल-मे महिन्यात सकाळी दहानंतर मैदानावर राहू नये. दर दोन होलनंतर पेलाभर पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी विशेष जपावे. वळवाच्या दिवसांत ढग गडगडले की हातातली धातूची काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. झाडाखाली उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

चढ चढताना छातीवर दाब आला, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर 'पित्त झाले असेल' म्हणून पुढे चालू नये. तिथेच बसावे व 108 क्रमांकाला फोन करावा.

खरी कसोटी जेवणाच्या टेबलावर

माझा एक बावन्न वर्षांचा रुग्ण मधुमेही, इन्सुलिन घेणारा. सकाळी नेहमीचे इन्सुलिन घेतले, नाश्ता चहा-बिस्किटांवर भागवला, तीन तास खेळला, आणि रिसॉर्टच्या टेबलावर जेवणाआधी दोन ग्लास बिअर घेतली. थोड्या वेळाने तो असंबद्ध बोलू लागला, कपाळावर घाम आला. 'चढली याला,' म्हणून मित्र हसत होते. वाढणाऱ्या पोराच्या घरी त्याचे वडील मधुमेही. तो म्हणाला, "साहेब, यांची साखर उतरलीय. माझ्या बापाचं असंच होतं." त्याने साखरेचे पाणी पाजले. पंधरा मिनिटांत गृहस्थ भानावर आला.

असे का झाले? व्यायामाने स्नायूंनी रक्तातील साखर ओढून घेतली, इन्सुलिनने ती आणखी उतरवली, आणि एरवी अशा वेळी साखर पुरवणाऱ्या यकृताला मद्याने अडवले. हा धोका काही तास टिकतो, रात्री झोपेतही. म्हणून इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी पोटभर नाश्ता करूनच खेळावे, खिशात ग्लुकोज ठेवावे, सोबत्यांना आजाराची कल्पना द्यावी आणि डोस आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णालयात न्यावे.

इतरांचे दुखणे निराळे. 'एवढे चाललो, आता खायला हरकत नाही,' या समजुतीने तळलेले पदार्थ, मलईची भाजी, बटर लावलेले नान आणि वर गुलाबजाम असा बेत होतो. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे 120 कॅलरी, आणि कडक बिअरची मोठी बाटली तीनशेच्या घरात. सकाळची कमाई अर्ध्या तासात संपते. त्यापेक्षा टेबलावर बसताच आधी पाणी व ताक घ्यावे. मग कोशिंबीर, डाळ, भाजलेले मासे किंवा कोंबडी, आणि एक-दोन भाकऱ्या. उसळ व पिठले मिळत असेल तर ते मागण्यात कमीपणा नाही.

बिअर ही तहान भागवणारी वस्तू नव्हे. तिने लघवी वाढते. घेतलीच तर परतताना गाडी दुसऱ्याने चालवावी. रक्तात शंभर मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर कायद्याने गुन्हा होतो, आणि बायपासवरची वाहतूक काही कायद्याची वाट पाहत नाही.

शेवटी एक विनंती. तुमची दहा-बारा किलोंची पिशवी खांद्यावर घेऊन जो कॅडी चालतो, त्यालाही तेवढेच ऊन लागते आणि त्याच्याही कमरेत मणकेच असतात. आसपासच्या गावांतली ही मुले स्वतःहून पाणी मागत नाहीत. तुम्ही बाटली उघडाल तेव्हा एक त्याच्याही हाती द्या, आणि पिशवीतले नको असलेले सामान गाडीतच ठेवा.