पाऊल चार बोटं लांब

५ किलोमीटर ३० मिनिटांत पळणारा ५८ वर्षांचा माणूस ‘२८ मिनिटं करायचीत’ म्हणतो, तेव्हा त्याला नेमकं काय करायचं असतं ते आधी कागदावर मांडू. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ५ किलोमीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. आज त्याची एक फेरी २ मिनिटं २४ सेकंदांत होते, ती २ मिनिटं १४ सेकंदांवर आणायची आहे. तसली एखादी फेरी तो आजही मारेल. सहाव्या-सातव्या फेरीला काय होतं, खरा प्रश्न तो आहे.

आता हाच हिशेब पावलांत करून पाहा. मिनिटाला साधारण १६५ पावलं पडतात असं धरलं, तर ३० मिनिटांत ४,९५० पावलं होतात, म्हणजे एक पाऊल १०१ सेंटिमीटरचं. त्याच गतीनं २८ मिनिटं पावलं टाकली तर ४,६२० होतात आणि पाऊल १०८ सेंटिमीटरचं लागतं. फरक सात सेंटिमीटरचा, जेमतेम चार बोटांचा. दोन मिनिटं या चार बोटांत आहेत.

वय वाढतं तसा माणूस हळू का होतो, याचंही उत्तर बरंचसं इथेच सापडतं. पावलांची गती फारशी बदलत नाही, पाऊल आखूड होत जातं. कारण पोटरी आणि घोटा जमिनीला मागे ढकलतात तो जोर ओसरतो. सकाळी ग्राउंडवर एखाद्या साठीच्या धावपटूला मागून बघा. मागचा पाय जमीन सोडतो तेव्हा टाच पुरती उचललीच जात नाही, बूट घसटल्यासारखा पुढे येतो. हे दिसलं की बरेच जण पाय पुढे फेकून ढांग वाढवायला जातात, आणि तिथेच चुकतं. पाय शरीराच्या फार पुढे पडला की टाच आपटते, ब्रेक लागतो आणि गुडघा कुरकुरायला लागतो. ती चार बोटं मागच्या रेट्यातून मिळवायची असतात.

त्यासाठी जिम लागत नाही, जिन्याची पायरी पुरते. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा हवेत. दोन्ही पायांवर वर उठा आणि एका पायावर तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली या. आधी गुडघा सरळ ठेवून, मग थोडा वाकवून. वाकवल्यावर पोटरीतला आतला, खोलचा स्नायू कामाला लागतो आणि पळताना मोठा भार तोच घेतो. प्रत्येक पायावर दहा-बारा वेळा, आठवड्यातून तीनदा. कंटाळवाणं आहे, कबूल. पण स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो आणि टाचेमागच्या कंडरेला मात्र महिने लागतात. या वयात पोटरी आणि कंडराच जास्त दगा देतात, म्हणून हा व्यायाम वेगाच्या सरावाआधी किमान महिनाभर सुरू झालेला हवा.

दुसरी बाजू दमाची. ५ किलोमीटरला लोक ‘छोटी रेस’ म्हणतात, पण तिला लागणाऱ्या ऊर्जेतला ९० टक्क्यांहून जास्त भाग ऑक्सिजनच्या जोरावरच तयार होतो. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, म्हणजे हल्ली मनगटावरची घड्याळंही अंदाजानं दाखवतात तो व्हीओटू मॅक्स, तिशीनंतर बैठ्या माणसात दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरते. जोरकस सराव टिकवणाऱ्यांत ही घसरण निम्म्यावर येऊ शकते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मात्र सराव करा वा न करा, खाली येतेच. ‘२२० वजा वय’ या सूत्रानं ५८ व्या वर्षी ती १६२ निघते. २०८ मधून वयाचे ७० टक्के वजा करण्याच्या नव्या सूत्रानं १६७. दोन्ही सरासरीच्या गोष्टी, प्रत्यक्षात दहा ठोके इकडेतिकडे सहज असतात. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर ठोके औषधानंच दाबलेले असतात, त्यांनी सूत्राच्या नादी लागूच नये. आणि वेगाला हात घालण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी, करायची का ते विचारणं, ही या वयात सबब नव्हे, तयारीच आहे.

आता मंगळवारची सकाळ. १५ मिनिटं हळू जॉगिंग, मग ८० मीटरच्या चार मोकळ्या धावा, प्रत्येकीनंतर चालत परत. मग ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी २:१४ मध्ये, मध्ये दोन मिनिटं चालणं. पहिली फेरी हमखास २:०५ ला येते, कारण पाय ताजे असतात आणि बघणारेही असतात. तिचा दंड चौथ्या फेरीत भरावा लागतो: खांदे कानांकडे चढतात, मुठी आवळल्या जातात, पाऊल पुन्हा आखूड होतं. पुढच्या आठवड्यांत फेरीची वेळ कमी करायची नाही. फेऱ्या सहाच्या आठ, आठाच्या दहा करायच्या, विश्रांती दोन मिनिटांवरून दीडवर आणायची, आणि नंतर ८०० मीटर, एक किलोमीटरचे तुकडे त्याच वेगानं पळायचे. वेग तोच, दम मारायला वेळ कमी. शरीराला शिकायचंय ते इतकंच.

असा जोराचा दिवस आठवड्यातून एक, फार तर दोन. पंचविशीच्या पोराला ४८ तास पुरतात तिथे इथे ७२ तास धरा. बाकीच्या दिवशी किलोमीटरला सात-साडेसात मिनिटं, अख्खं वाक्य न अडखळता बोलता येईल इतकं सावकाश. मॉर्निंग वॉकवाले मागे टाकून जातील की काय असं वाटेल, वाटू दे. रोज मध्यम जोरानं पळून घामाघूम होणारे बहुतेक लोक वर्षानुवर्षं त्याच वेळेवर अडकलेले दिसतात, ते यामुळेच.

बुटांबद्दल फार लिहीत नाही. कार्बन प्लेटचे महागडे बूट काही सेकंद देतीलही, पण पोटरी तयार नसेल तर मी ते घेऊ नका असंच म्हणेन.

रेस मात्र हवामान बघून निवडा. मुंबईच्या दमट हवेत किंवा ऑक्टोबर हीटमध्ये घाम वाळत नाही, रक्त कातडी थंड करण्यात गुंततं आणि तोच वेग महाग पडतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतली पहाट सर्वांत चांगली. तेव्हा पहिला किलोमीटर ५:४०, दुसरा ५:३६, तिसरा आणि चौथा ५:३८, शेवटचा ५:२८. बेरीज बरोबर २८ मिनिटं. चौथा किलोमीटर सर्वांत वाईट जातो हे आधीच ठाऊक असू द्या, म्हणजे तो आल्यावर बिचकायला होत नाही.

वळणं आतून घ्या. रस्त्यावरच्या रेसचं अंतर सर्वांत जवळच्या रेषेनं मोजतात, आणि बाहेरून वळत जाऊन ६० मीटर जास्त पडले की २० सेकंद गेलेच. निकालात गन टाइम आणि नेट टाइम असे दोन रकाने असतील, तर आपला नेट टाइम, म्हणजे स्टार्टची चटई ओलांडल्यापासूनचा. फॉर्म भरण्याआधी चिप टायमिंग आहे का आणि अंतर नीट मोजलेलं आहे का, एवढं विचारून घ्या. ५ किलोमीटरच्या बऱ्याच दौडी ‘फन रन’ असतात आणि त्यांत वेळ नोंदवलीच जात नाही.