टू-स्ट्रोक ट्रायल गाडी: घरच्या गॅरेजमधली साठ वर्षे

मोटरसायकल ट्रायल हा वेगाचा खेळ नाही. दगडधोंडे, ओढ्याचे पात्र, ओल्या मुळ्या, उभा चढ अशा जागी आखलेला छोटासा टप्पा पाय न टेकता पार करायचा असतो. पाय एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन आणि गाडी अडली किंवा पडली तर पाच. ज्याच्या नावावर सर्वांत कमी गुण, तो जिंकतो. या खेळात इंजीन बहुतेक वेळ स्लो स्पीडच्या थोडेसेच वर चालत असते आणि थ्रॉटल क्वचितच पाव हिश्शापलीकडे उघडतो. त्यामुळे ट्रायल गाडीचे ट्यूनिंग रेसच्या गाडीच्या अगदी उलट दिशेने चालते. ताकद वाढवण्यापेक्षा ती सावकाश, सारखी आणि भरवशाने मिळावी म्हणून सगळी खटपट असते. गेल्या साठ वर्षांत गाड्या पार बदलल्या, पण घरी पाना हातात घेणाऱ्याचे हे उद्दिष्ट बदललेले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली दोन दशके ब्रिटनमध्ये हा खेळ मुख्यतः जड फोर-स्ट्रोक गाड्यांचा होता. टू-स्ट्रोक होत्या, पण त्या हलक्या आणि स्वस्त पर्याय म्हणून. ग्रीव्ह्ज, जेम्स, कॉटन अशा कंपन्या आपल्या चासीत व्हिलियर्सचे तयार इंजीन बसवत. 66 मिमी बोअर आणि 72 मिमी स्ट्रोकचे 246 सीसीचे हे इंजीन साधे होते आणि घरी उघडता येत होते. साधे इंजीन ऑइल पेट्रोलमध्ये 16:1 किंवा 20:1 प्रमाणात मिसळले जाई, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला पाव लिटर किंवा त्याहून जास्त ऑइल. एवढे ऑइल जाळणाऱ्या इंजिनात कार्बन धरणारच. म्हणून डिकार्ब, म्हणजे हेड आणि बॅरल उतरवून पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट पोर्ट आणि रिंगांच्या खाचा खरवडणे, हे त्या काळी ठरावीक मुदतीने करायचे काम होते. भारतात येझदी, राजदूत किंवा टू-स्ट्रोक स्कूटर वापरलेल्या पिढीला हा विधी वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

1964 मध्ये चित्र पालटले. बेलफास्टचे सॅमी मिलर हे तेव्हा एरियलच्या 500 सीसी फोर-स्ट्रोकवरचे अव्वल स्वार होते. ते स्पेनच्या बुल्ताको कंपनीकडे गेले आणि बार्सिलोनाजवळ थोड्याच दिवसांत फ्रांसेस्क शाविएर बुल्तो यांच्या माणसांसोबत त्यांनी 244 सीसीची शेर्पा टी घडवली. 1965 मध्ये याच गाडीवर त्यांनी स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. त्या स्पर्धेतला टू-स्ट्रोक गाडीचा आणि ब्रिटनबाहेरच्या गाडीचा तो पहिला विजय. पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश फोर-स्ट्रोक या खेळातून जवळपास हद्दपार झाल्या. मोंतेसाची कोटा आली, ओसाची मिक अँड्र्यूज रेप्लिका आली आणि 1970 ते 72 अशी सलग तीन वर्षे अँड्र्यूज यांनी ओसावर स्कॉटिश जिंकली. 1975 मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाले, तेव्हा पहिला मान मार्टिन लॅम्पकिन आणि बुल्ताको यांना मिळाला.

शेर्पा टीचे इंजीन 72 मिमी बोअर आणि 60 मिमी स्ट्रोकचे, हवेने थंड होणारे आणि पिस्टन-पोर्ट पद्धतीचे. पिस्टनचा खालचा घेर, म्हणजे स्कर्ट, हाच इथे इनटेकचा दरवाजा असतो. पिस्टन वर गेला की पोर्ट उघडतो, खाली आला की बंद होतो. पोर्ट जास्त वेळ उघडा ठेवला तर वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण खालच्या आरपीएमला क्रँककेसमधले मिश्रण उलट कार्बोरेटरकडे फेकले जाते आणि इंजीन अडखळते. ट्रायलला नेमका खालचाच आरपीएम लागतो. त्यामुळे कानस घेऊन पोर्ट मोठा करणाऱ्या हौशी मालकाने हातची गाडी बिघडवली, असेच बहुधा होई. त्या काळात शहाण्या ट्यूनरचा भर पोर्टवर नसे, तर फ्लायव्हीलच्या वजनावर, कमी कॉम्प्रेशनवर आणि इग्निशनवर असे. जड फ्लायव्हील जात्याच्या वरच्या तळीसारखे आपल्याच वेगाने फिरत राहते. चाक दगडाला भिडले तरी इंजीन बसत नाही.

इग्निशनची वेळ जुळवणे हे या गाड्यांवरचे सर्वांत नाजूक घरगुती काम, आणि ते करणाऱ्याच्या हाताची खरी परीक्षाही तिथेच होत असे. पॉइंट फ्लायव्हीलच्या आत बसवलेले असत आणि फ्लायव्हीलला ठेवलेल्या खिडकीतून त्यांच्यापर्यंत पोचावे लागे. आधी फिलर गेजने पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिमीच्या दरम्यान आणायची. मग प्लग काढून त्या जागी डायल गेज बसवायचा आणि पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणून काटा शून्यावर लावायचा. फ्लायव्हील उलटे फिरवून खुणेच्या बरेच मागे न्यायचे आणि तिथून चालत्या दिशेने हळूहळू पुढे आणायचे, म्हणजे मधली ढिलाई निघून जाते. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून तो अलगद ओढत राहायचे. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. मॉडेलनुसार पिस्टन तेव्हा वरच्या टोकाच्या साधारण अडीच ते तीन मिमी खाली असला पाहिजे. नसेल तर स्टेटर प्लेटचे स्क्रू सैल करून ती किंचित फिरवायची आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून तपासायचे. फायबरची टाच झिजत जाते तशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. गाडी कालपर्यंत ठीक होती आणि आज सुस्त वाटते, या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण निघे. फ्लायव्हील काढायला त्याच मापाचा पुलर लागतो. हातोडीने ठोकून काढलेल्या फ्लायव्हीलने किती क्रँक वाकवले असतील, त्याला गणती नाही.

पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन यायला सत्तरच्या दशकातच सुरुवात झाली. त्यामुळे फट जुळवण्याचे काम संपले, पण नवी अडचण आली. सीलबंद युनिट गरम झाल्यावर दगा देई, थंड झाल्यावर पुन्हा व्यवस्थित चाले आणि घरी ते उघडता येत नसे. दुरुस्ती संपून बदली सुरू होण्याची ही पहिली पायरी म्हणता येईल.

यामाहाची टीवाय 250 सत्तरच्या दशकाच्या मध्याला आली आणि 1974 व 75 ची स्कॉटिश मिक अँड्र्यूज यांनी तिच्यावरच जिंकली. तिचा मोठा गुण म्हणजे रीड व्हॉल्व्ह. इनटेकच्या वाटेत पातळ पाकळ्या बसवल्या की मिश्रण आत जाते, पण परत फिरत नाही. पिस्टन-पोर्टचे जुने दुखणे यामुळे बऱ्याच अंशी मिटले आणि पुढच्या जवळजवळ सर्व टू-स्ट्रोक ट्रायल गाड्यांनी हा मार्ग घेतला. घरच्या देखभालीत एक छोटे काम वाढले: पाकळ्या उजेडाकडे धरून पाहणे. टोक तुटलेले असेल, चीर गेलेली असेल किंवा पाकळी बसकणीवर नीट टेकत नसेल तर गाडी किकला त्रास देते आणि स्लो स्पीड टिकत नाही.

कार्बोरेटर हे या गाड्यांच्या ट्यूनिंगचे हृदय आहे, आणि नेमके तिथेच सर्वांत जास्त चुकीचे काम होते. रस्त्यावरच्या गाडीच्या सवयीने माणूस आधी मेन जेटला हात घालतो. पण मेन जेटचा अंमल थ्रॉटल तीन चतुर्थांशाच्या वर गेल्यावर सुरू होतो, आणि ट्रायलमध्ये तिथवर जायची वेळ क्वचितच येते. इथले राज्य पायलट जेट, एअर स्क्रू, स्लाइडच्या कडेचा काप आणि नीडलचा वरचा भाग यांचे. इंजीन पूर्ण गरम झाल्यावर एअर स्क्रू थोडा थोडा फिरवून आरपीएम सर्वांत वर कुठे जातो ते पाहायचे. ती जागा पूर्ण आत बसलेल्या स्क्रूपासून एक ते दोन फेरे बाहेर आली तर पायलट जेट बरोबर आहे. स्क्रू जवळपास बंद करावा लागत असेल तर जेट लहान, फार बाहेर काढावा लागत असेल तर मोठा. थ्रॉटल बंद केल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लावत असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. जुन्या अमाल कार्बोरेटरमध्ये स्लाइड झिजली की तिच्या कडेनेच हवा शिरते. मग कोणताही जेट टाकला तरी उपयोग होत नाही. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत इटालियन आणि स्पॅनिश गाड्यांवर 26 मिमीचा डेलोर्टो प्रचलित झाला, पुढे 28 मिमीचा केहिन. कामाची रीत मात्र तीच राहिली.

ऑइलचे प्रमाण आणि जेट यांचा संबंध पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सिंथेटिक ऑइल आल्यावर 20:1 वरून 50:1, मग 70:1, 80:1 असा प्रवास झाला. पाच लिटरला 250 मिलीऐवजी साठ-सत्तर मिलीवर भागू लागले. ऑइल कमी झाले म्हणजे त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल वाढले, म्हणजे मिश्रण जाड झाले. उलट ‘इंजीन सुरक्षित राहावे’ म्हणून ऑइल वाढवणारा मालक नकळत मिश्रण पातळ करत असतो. संथ चालणाऱ्या इंजिनात जास्तीचे ऑइल क्रँककेसमध्ये साचते, आणि मोठ्या दगडासमोर थ्रॉटल एकदम उघडला की गाडी अडखळून धुराचा लोट सोडते. टप्प्यात शिरण्याआधी स्वार एकदा रेस देऊन इंजीन मोकळे करतात ते याचसाठी.

जुन्या सायलेन्सरमधला चिकट कार्बन काढायला कॉस्टिक सोडा वापरला जाई. लोखंडी पाइपाला तो चालतो, पण ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. त्यामुळे ॲल्युमिनियमचे भाग असलेला सायलेन्सर त्यात कधीच बुडवायचा नसतो. नंतरच्या सायलेन्सरांत तंतूंची भरण आली. ती ऑइलने भिजली की बदलायची.

क्रँकच्या दोन ऑइल सीलांइतके फसवे दुखणे या इंजिनांत दुसरे नाही. मॅग्नेटकडचा सील गेला तर बाहेरची हवा आत शिरते. स्लो स्पीड वर-खाली होतो, मिश्रण पातळ होते आणि दुर्लक्ष केले तर पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते. क्लचकडचा सील गेला तर क्रँककेस तिकडचे ऑइल ओढून घेते. पांढरा दाट धूर सुटतो, प्लग ओला होतो आणि खाली एक थेंब न सांडता ऑइलची पातळी उतरत जाते. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी घेतली की हे दोन सील आधी बदलावेत. जेटची जुळवाजुळव त्यानंतर.

ऐंशीच्या दशकात मागचे दोन शॉक जाऊन एक आला, ड्रमची जागा डिस्क ब्रेकने घेतली आणि दशकाच्या अखेरीस पाण्याने थंड होणारी इंजिने रुळली. बुल्ताको आणि ओसा याच काळात बंद पडल्या, मोंतेसा होंडाच्या ताब्यात गेली, फँटिक, बेटा आणि 1985 मध्ये स्थापन झालेली गॅसगॅस पुढे आल्या. मालकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल सिलिंडरच्या आत झाला. पूर्वी लोखंडी लायनर असे. झिजला की बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन टाकायचा. आता ॲल्युमिनियम बॅरलवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा आला. त्याला बोअर करता येत नाही. पिस्टन अक्षरांनी दाखवलेल्या, मिमीच्या शंभराव्या भागात बदलणाऱ्या मापांत मिळतात. मुलामा वर्षानुवर्षे टिकतो, मात्र एअर फिल्टर स्वच्छ असेल तरच. फोमचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळून घेणे आणि त्याच्या बसकणीवर ग्रीसचा पट्टा ओढणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुणाऱ्यांनी मागच्या लिंकेजच्या बेअरिंगांना अधूनमधून नवे ग्रीस दिलेच पाहिजे. आतले ग्रीस धुऊन गेल्याचे बाहेरून काही कळत नाही. रेडिएटरचा पंखा ठरलेल्या तापमानाला सुरू होतो की नाही, हेही गाडी उभी ठेवून पाहून घ्यावे.

आजच्या गाडीचा स्वभाव कानसीशिवाय बदलता येतो. हेडमधला इन्सर्ट बदलून कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येते. फ्लायव्हीलला जास्तीचे वजन जोडता येते. स्विचने कोरड्या आणि ओल्या जमिनीसाठी इग्निशनचा नकाशा बदलतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल थ्रॉटलच्या नळीचा. वेगवान नळी काळी असते, संथ नळी पांढरी. नवशिक्याच्या 300 सीसी गाडीवर पांढरी नळी बसवली की हाताच्या थरथरीने गाडी उसळत नाही. महागडा सायलेन्सर घेण्याआधी हा बदल करून पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

2005 मध्ये मोंतेसाने इंजेक्शनवर चालणारी फोर-स्ट्रोक कोटा आणली आणि 2007 पासून तोनी बोऊ यांनी तिच्यावर अजिंक्यपदांची रांग लावली. तरी क्लबच्या स्पर्धांत टू-स्ट्रोक टिकून राहिली, कारण ती हलकी, स्वस्त आणि घरी उघडता येणारी आहे. 2010 च्या सुमारास पुनरुज्जीवित ओसाने आणि नंतर व्हर्टिगोने टू-स्ट्रोकला इंजेक्शन जोडले. तिथे पायलट जेट नाही, एअर स्क्रू नाही. जुळवणी संगणकावर होते. जॉर्डी तारेस यांच्या टीआरएस कंपनीने मात्र सुरुवात कार्बोरेटरनेच केली.

दोन शॉकच्या जुन्या गाड्यांच्या स्वतंत्र स्पर्धा युरोपात भरतात आणि त्यामुळे शेर्पा, कोटा, टीवाय यांचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. यांतल्या अनेक गाड्यांवर पॉइंट काढून नवे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि अमाल काढून मिकुनी कार्बोरेटर बसवलेला असतो. अशी गाडी घेताना आधीच्या मालकाने बोअर किती वेळा केला आहे ते पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या मापावरून कळते. शेवटचे माप गाठलेले असेल तर बॅरलला नवा लायनर घालावा लागतो, आणि तो खर्च किमतीच्या बोलणीतच धरलेला बरा.