वर्गणी एका झेंड्याला, मत दुसऱ्याला

चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या आणि चर्चा झाली ती ग्रॅच्युइटीची, कामगारकपातीची. माझी नजर अडली ती औद्योगिक संबंध संहितेतल्या एका कलमावर. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल, ती युनियन मालकाशी वाटाघाटी करणार. तेवढा कुणालाच नसेल, तर किमान २० टक्केवाल्यांची परिषद. पण पाठिंबा ओळखायचा कशावरून? वर्गणीच्या पावतीवरून?

मुंबईच्या गिरणगावाला विचारा. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या, तेही लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यात. निवडून आले वामनराव महाडिक, शिवसेनेचे पहिले आमदार.

वर्गणी लाल बावट्याला आणि मत शिवसेनेला, हे कोडं राजनारायण चंदावरकरांइतकं नीट कुणी उलगडलेलं नाही. केंब्रिजला शिकवणाऱ्या या इतिहासकारानं गिरणीच्या फाटकाबाहेर पाहिलं. कामगार नुसता खात्यात घडत नाही. कामगार भरती करणारा जॉबर, खाणावळ, उधारी देणारा वाणी, तालीम, गाववाल्यांची खोली हे सगळे मिळून त्याला घडवतात. काम सुटलं की पथारीला जागा गाववालाच देतो, संप लांबला की वाणीच तारतो. मला यातून दिसतं ते असं: पगारवाढ, बोनस, बदलीवाल्याला कायम करणं यासाठी युनियन. पोराची नोकरी, चाळीचा नळ, मराठी म्हणून मान यासाठी पक्ष. दोन्ही निवडी माणूस डोळसपणे करतो. त्याला गोंधळलेला म्हणणारे पुढारी त्याचा अपमान करतात.

१९८२ला तर युनियनचा कागदसुद्धा खोटा ठरला. १९४६च्या कायद्यानं गिरणी कामगारांचा प्रतिनिधी होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ, पण १८ जानेवारीला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले ते डॉ. दत्ता सामंतांमागे. सरकार कागदाला धरून बसलं. १९८४च्या काँग्रेस लाटेत दक्षिण-मध्य मुंबईनं सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं आणि १९८९ला त्याच जागेवर महाडिकांना.

पाठिंबा कसा पडताळायचा, हे संहितेनं नियमांवर सोडलं आहे. माझं म्हणणं साधं आहे: पावत्या मोजू नका, फाटकापाशी गुप्त मतदानाची पेटी ठेवा. १९८२ला ती ठेवली असती तर निकाल काय लागला असता, हे लालबागच्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.