मातृवंदनेचें अनुदान आतां कोणत्या दारीं?

“मधल्या सुनेच्या वेळीं आशाताईंनीं फॉर्म भरला, आतां धाकटीच्या वेळीं त्या म्हणतात, अंगणवाडींत जा. पैसे बुडाले काय, गुरुजी?” कोडोलीच्या एका विद्यार्थ्याच्या आजीबाईंनीं आम्हांस असें विचारिलें.

पैसे बुडालेले नाहींत. खातें बदललें आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजना १ जानेवारी २०१७ पासून सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रानें ती आरोग्यखात्याकडे सोंपविली होती, व तें सयुक्तिकहि होतें. गरोदरपणाची पहिली वार्ता बहुधा आशाताईंसच लागते. २०२३ सालीं हें काम महिला व बालविकास खात्याकडे गेलें.

पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठीं ५,००० रुपये मिळतात: गरोदरपणाची नोंदणी व तपासणी झाल्यावर ३,०००, जन्मनोंद व बाळाच्या लसींची पहिली फेरी झाल्यावर २,०००. दुसरें अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी.

खरी अडचण येथेंच आहे. अर्ज अंगणवाडीसेविका घेते, परंतु तपासणी व लस आरोग्यखात्याकडेच राहिली. पुरावा एका दारीं, पैसा दुसऱ्या दारीं! दोहोंमधला दुवा म्हणजे माता व बालसंरक्षण कार्ड. पुष्कळ घरीं तें ट्रंकेंत पडून असतें. तें दरवेळीं दवाखान्यांत न्यावें व नोंद तेथल्या तेथें करून घ्यावी. बँकेचें खातें मातेचें स्वतःचें व आधारशीं जोडलेलें असावें. नवऱ्याचें चालत नाहीं.

आजीबाईंच्या नातवास आम्हीं कार्ड आणावयास सांगितलें. तपासणी वेळेवर झाली होती. कार्डावर दिनांक घालावयाचा तेवढा राहिला होता.